सिंकखालची घरघर

अमेरिकेत ऑनसाइट आलेल्या मराठी माणसाची आणि गार्बेज डिस्पोजलची पहिली भेट बहुतेक वेळा दचकूनच होते. किचनमधलं बटण दिव्याचं समजून दाबायचं. दिवा लागतच नाही, पण सिंकच्या पोटातून मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा आवाज येतो! मग रूममेट पोट धरून हसतो आणि सांगतो, की बाबा रे, इथे ताटात उरलेलं सिंकच्याच भोकात ढकलायचं, पाणी सोडायचं, बटण दाबायचं. खेळ खल्लास. पहिला आठवडा हे जाम सही वाटतं. ओल्या कचऱ्याचा डबा नाही, वास नाही, चिलटं नाहीत.

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तोवर काळजीही नाही. बिघडलं की लीझिंग ऑफिसला फोन, मेंटेनन्सवाला येऊन बघून जातो. स्वतःचं घर घेतलं की मात्र तो मेंटेनन्सवाला म्हणजे तुम्हीच! न्यू जर्सीत एडिसनला आम्ही घर घेतलं, तेव्हा आधीच्या मालकाचं म्हातारं डिस्पोजल घराबरोबरच आलं. गेल्या उन्हाळ्यात, नेमके आई-बाबा पुण्याहून आलेले असताना, ते गळायला लागलं. प्लंबरला फोन केला, तर त्याने न बघताच साडेचारशे डॉलर सांगितले. दुकानात तशाच मशीनवर सव्वाशेचं लेबल होतं.

"वरचे सव्वातीनशे कशाचे गं?" बाबांचा प्रश्न. बाबांची उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. सिंकखालचं दार उघडून ते टॉर्च घेऊन मांडी घालून बसले, तेव्हाच मला कळलं की आता प्लंबर येत नाही.

आधी या यंत्राचा फंडा समजून घ्या, कारण दुरुस्ती सगळी त्यावरच आहे. बहुतेकांना वाटतं आत मिक्सरसारखी पाती असतात. नसतात. आत एक गोल तबकडी गरगर फिरते. तिच्यावर दोन बोथट लोखंडी तुकडे सैलसर बसवलेले असतात. ते अन्नाला भिरकावून कडेच्या दातेरी कड्यावर आपटतात, आणि तिथे त्याचा चुरा होऊन पाण्याबरोबर खाली जातो. म्हणजे हे कापणं नाही, किसणं आहे. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या आर्किटेक्टने १९२७ मध्ये हे डोक्यातून काढलं आणि १९३८ मध्ये इनसिंकइरेटर कंपनी सुरू केली. गंमत म्हणजे शेजारच्या न्यूयॉर्क शहरात बऱ्याच भागांत १९९७ पर्यंत यावर बंदी होती. जुन्या ड्रेनेजला हा लगदा झेपेल का, ही भीती. तिथल्या कित्येक जुन्या इमारती आजही हे बसवू देत नाहीत.

आता तक्रारी. फोन उचलण्याआधी मशीन नेमकं काय करतंय ते ऐका आणि बघा.

बटण दाबलं आणि काहीच आवाज नाही? मशीनच्या बुडाशी एक छोटं लाल बटण असतं, ते बाहेर आलेलं असेल. मोटर तापली की ते आपोआप उडतं. पाच-दहा मिनिटं थांबा, आत दाबा. त्यानेही जाग आली नाही तर घराचा ब्रेकर पडलाय का बघा. कित्येक प्लंबर एवढ्याच कामाचे व्हिजिट चार्जेस घेऊन जातात, आणि त्यांचं काही चुकतही नाही, आपण बोलावलेलं असतं.

नुसता हम्म्म्म असा आवाज येतोय, पण फिरत नाही? म्हणजे तबकडी अडकलीय. लगेच बटण बंद करा, नाहीतर मोटर जळेल. ब्रेकर पाडा. बऱ्याच मॉडेल्सना बुडाच्या बरोबर मध्ये एक भोक असतं, त्यात पाव इंची ॲलन की घाला आणि मागे-पुढे हलवा. सुटतं! भोक नसेल तर वरून लाकडी झाडूचा दांडा घालून तबकडी ढकला. मग टॉर्च मारून आत बघा आणि चिमट्याने चमचा, नाणं, आवळ्याची बी, जे असेल ते काढा. हात घालायचा नाही. ब्रेकर पाडलेला असला तरी नाही. बोथट असलं तरी त्या तुकड्यांच्या कडा आणि कड्याचे दाते बोटांना चांगलेच लागतात.

तिसरी तक्रार गळती. इथे घाई करू नका. एक कोरडा टिश्यू घेऊन मशीनला वरून खाली टिपत या. वर, सिंकला जिथे मशीन जोडलंय तिथे ओलं लागलं तर पुट्टी सुकलीय किंवा तीन स्क्रू ढिले झालेत. बाजूला, पाइप किंवा डिशवॉशरच्या होजपाशी ओलं असेल तर वायसर किंवा क्लॅम्प, काही डॉलरचं काम. पण बुडातून, लाल बटणाच्या आसपास थेंब पडत असतील, तर आतलं सील गेलं. पाणी मोटरमध्ये उतरतंय, आणि वायरींचं कनेक्शनही त्याच बुडात आहे. हे डिस्पोजल चालवायचं नाही.

आमचा टिश्यू बुडाशीच भिजला.

बाबांना हे पटेना. "सीलच ना? नवीन टाकू. मोटर खराब झाली असेल तर रिवाइंड करून आणू." आता एडिसनच्या ओक ट्री रोडवर ढोकळ्यापासून लग्नाच्या शेरवानीपर्यंत सगळं मिळतं, पण साध्या घरगुती डिस्पोजलचं रिवाइंडिंग करून देणारा मला तरी कुणी माहीत नाही. काढलेलं मशीन बाबांनी अंगणात पेपरवर ठेवून उघडलंच. आत शाफ्ट गंजून लाल झालेला, सीलचा नुसता चिखल. ते बराच वेळ बघत बसले. "मोटर चांगली आहे गं," एवढंच म्हणाले. आपल्याकडे असा माल चार हात फिरतो. इथे मोटर चांगली असतानाही अख्खं भांडं फेकायचं, हे मला अजूनही जड जातं. पण खरं सांगायचं तर तिथे हट्ट करण्यात अर्थ नव्हता. पाणी आणि वीज एकाच डब्यात आलेत, तिथे जुगाड नको.

बदलायचं कसं, तर त्याचं अर्धं यश खरेदीत आहे. जुन्याच कंपनीचं, त्याच माउंटचं मॉडेल घेतलं तर सिंकला चिकटलेली रिंग बऱ्याचदा तशीच ठेवता येते, आणि सगळ्यात किचकट काम वाचतं. ताकदीत अर्धा हॉर्सपॉवर दोघांच्या घराला पुरतो. आपल्यासारखा रोजचा स्वयंपाक असेल तर पाऊण घ्या असं माझं मत.

शनिवारी सकाळी ब्रेकर पाडला, टेस्टर लावून खात्री केली. खाली बादली ठेवली, यू आकाराच्या ट्रॅपचा नट सोडवला (बादली का, ते लगेच वासावरून कळतं), डिशवॉशरची होज काढली. मग बाबांनी खालून मशीन धरलं, मी माउंटच्या रिंगमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवून फिरवलं, आणि ते धप्पकन त्यांच्या हातात आलं. एकटे असाल तर खाली जाड पुस्तकांची चळत ठेवा, पाच-सहा किलोचं धूड असतं. बुडाची पत्री उघडली की तीन वायरी. काळीला काळी, पांढरीला पांढरी, आणि हिरवी किंवा उघडी वायर हिरव्या स्क्रूला. पुन्हा जोडताना हेच.

आमची रिंगही गंजली होती, म्हणून तीही बदलली. जुनी पुट्टी खरवडून काढली. नवी पुट्टी चकलीच्या पिठासारखी वळून फ्लँजखाली गोल लावली, वरून दाबली. खालून तीन स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळले, म्हणजे रिंग तिरकी बसत नाही. कडेने बाहेर आलेली पुट्टी पुसून टाकायची. सिंक दगडाचं असेल तर पुट्टीचे डाग पडतात, तिथे सिलिकॉन वापरा.

आणि डिशवॉशर असेल तर ही एक गोष्ट मशीन लटकवण्याआधीच करायची. नव्या मशीनच्या होजच्या तोंडात प्लॅस्टिकचं बूच असतं. स्क्रूड्रायव्हर ठेवून हातोडीने ते आत पाडायचं आणि तो तुकडा बाहेर काढायचा. ते राहिलं तर डिशवॉशरचं पाणी जाणार कुठे? होज ओट्याच्या खाली उंच वळवून बांधा, म्हणजे घाण पाणी उलटं जात नाही.

सगळं जोडल्यावर लगेच बटण दाबायचं नाही. आधी बूच लावून सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने तपासा. मग ब्रेकर, मग गार पाणी, मग बटण. आम्हाला दुपारचे दोन वाजले. आई अधूनमधून येऊन "अगं, कचरा टाकायला एवढा खटाटोप?" म्हणून जात होती.

तिचं अगदीच चूक नाही. मराठी स्वयंपाकघर या यंत्राला मानवत नाही. भात आणि पोहे पाण्यात फुगून ट्रॅपमध्ये गोळा होतात. कणीक तर सिमेंटच! शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याचे केस, कांद्याची सालं यांचे दोरे गुंडाळतात. नारळाची करवंटी, आंब्याची कोय विसरा. तूप आणि फोडणीचं तेल गरम पाण्याने वितळून पुढे पाइपमध्ये थिजतं, म्हणून पाणी गारच सोडायचं आणि तूप-तेल पेपरला पुसून केरात. आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून हे बॅगेत घालून नेऊ नका. इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० आणि ५०. शिवाय सोसायटीच्या ड्रेनेजचं कमिटीला आधी विचारावं लागेल, ते वेगळंच.

आमच्याकडे आता सिंकशेजारी एक झाकणाचा छोटा डबा आलाय. शेंगांचा चोथा त्यात जातो, आणि तिथून आईने मागे लावलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत.