प्रतिमेच्या पाठीवरील लेख

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील पार्श्वनाथ भगवंतांची कायोत्सर्ग कांस्यप्रतिमा प्राचीनतम जैन धातुशिल्पांत गणली जाते. ती कोठे सापडली, कोणी भरविली, हे अज्ञात आहे. लेखाचा आधार नसल्याने काळाबाबतही विद्वानांत मतभेद आहेत. मध्ययुगीन पंचधातू प्रतिमांचे तसे नाही. त्यांच्या पाठीवर बहुधा संवत, ज्ञाती, श्रेष्ठींचे कुटुंब आणि प्रतिष्ठापक आचार्यांचे नाव कोरलेले असते. व्यापारी घराण्यांची याहून विश्वसनीय वंशावळ क्वचितच मिळेल! मेण वितळवून ओतलेल्या मूर्तीचा साचा फोडावाच लागतो. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव. बीड जिल्ह्यातील जिनमंदिरांत वा गृहचैत्यांत अशी प्रतिमा असल्यास चिंचेने किंवा पावडरीने घासू नये. आधी लेखाचे छायाचित्र घ्यावे. बाजूने तिरपा प्रकाश टाकल्यास झिजलेली अक्षरेही उमटून दिसतात.