सिनेमासाठी पुन्हा सजलेला बंद मॉल

'द ब्लूज ब्रदर्स' (1980) पाहिलाय? पोलिसांना चुकवत दोघे भाऊ गाडी थेट मॉलमध्ये घालतात. काचा, कपडे, खेळणी, सगळं उधळतं आणि हे महाशय निवांतपणे आजूबाजूच्या दुकानांवर गप्पा मारत असतात!

तो सेट नव्हता बरं का. शिकागोच्या दक्षिणेला असलेल्या हार्वी गावातला तो खराखुरा डिक्सी स्क्वेअर मॉल. 1966 साली सुरू झाला, 1978 मध्ये बंद पडला. जेमतेम बारा वर्षं! दिग्दर्शक जॉन लँडिसने 1979 मध्ये रिकामी दुकानं मालाने भरली, दिवे लावले आणि मनसोक्त मोडतोड केली. दुकानं परत उघडलीच नाहीत. पडझड होत तो सांगाडा तीस वर्षांहून जास्त काळ उभा राहिला, 2012 मध्ये पाडला.

मला मात्र या धुमश्चक्रीपेक्षा शांत मॉल जास्त भावतात. त्यासाठी 'जास्पर मॉल' (2020) हा स्वतंत्र माहितीपट शोधा. अलाबामातला मरणपंथाला लागलेला मॉल, त्याची देखभाल करणारा एक माणूस आणि डॉमिनो खेळत बसलेले म्हातारे. बाकी फारसं काहीच घडत नाही. रात्री उशिरा, फोन बाजूला ठेवून बघा.