समुद्र सातपुड्यापलीकडचा

खानदेशात कालव पाहिलेला माणूस विरळाच. आमच्या जळगावच्या वर्गात हा शब्द आला, की निम्म्या मुलांच्या डोळ्यांसमोर ‘कालवण’ उभे राहते! कोकणच्या वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो, खडकाला जन्मभर चिकटून राहणारा समुद्रातला शिंपल्याचा जीव म्हणजे कालव.

आम्हांला समुद्र दूर. पण धुळ्याहून आग्रा रोड धरावा, सातपुडा चढून उतरावा, नर्मदा ओलांडून पश्चिमेला धार जिल्ह्यातले बाघ गाठावे. लोक तिथे जातात ते लेण्यांतली चित्रे पाहावयास. त्याच मुलखात सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र आत शिरला होता. तिथल्या चुनखडकात कालवांचे शिंपले आणि वेटोळ्यांचे अमोनाईट आजही दिसतात. सहलीची मुले ते खिशात घालून आणतात आणि शोकेसमध्ये मांडतात. खडकाच्या कोणत्या थरात शिंपला होता, यावरून त्याचे वय कळते. थर सुटला की राहतो तो नुसता दगड. मुलांना हे आधीच कुणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. आमचा काळा फत्तर त्याचाच, आणि तो झिजून झालेली कपाशीची काळी जमीनही त्याचीच. सावद्याच्या खाणींत सुरेख स्फटिक मिळतात. शिंपला तिथे कुठून मिळणार?

त्याच सुमारास पृथ्वीवर मोठा संहार झाला. अमोनाईट गेले, डायनोसोर गेले. कालवांचे ग्रायफिइडी हे वीस कोटी वर्षांचे घराणे मात्र तगले. इंग्लंडात यांच्या वाकड्या जीवाश्मांना ‘सैतानाची नखे’ म्हणतात. आजच्या वंशजांच्या शिंपल्यात मधाच्या पोळ्यासारख्या बारीक कोठड्या असतात, आणि आतडे चक्क हृदयातून आरपार जाते! पोट आणि हृदय यांचे वैर मांडणाऱ्या आमच्या कवींनी हे ध्यानात घ्यावे.

अटलांटिकातल्या अझोर्स बेटांजवळ, सुमारे पाचशे मीटर खोल कड्यांवर, या घराण्याची एक नवी जात सापडली. तिचे वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. तिच्यातल्या काहींचे वय पाचशे वर्षांहून अधिक भरले. म्हणजे ती कालवे जन्मली तेव्हा थाळनेर-बऱ्हाणपुरावर फारुकी सुलतान होते. १६०१ साली अकबराने ते राज्य घेतले. पुढे मोगल गेले, पेशवे गेले, इंग्रजही गेले. कालवे आपली त्याच कड्यावर, पाणी गाळीत बसलेली.