तीन प्रती, पण तपासलेल्या का?

सेफ या वितरित साठवण-प्रणालीत (अनेक संगणकांच्या डिस्क मिळून झालेले एकच कोठार) माहितीच्या सहसा तीन प्रती असतात. म्हणून ती सुरक्षितच, असा समज होतो. पण डिस्कवर एखादा बिट गुपचूप बदलला, तर ती प्रत वाचेपर्यंत कळत नाही. त्यासाठी ‘स्क्रब’ (प्रतींची पडताळणी) असते. रोजचा स्क्रब म्हणजे गोदामातली पोती मोजणे. आठवड्याचा ‘डीप स्क्रब’ म्हणजे पोते उघडून धान्याला कीड लागली का पाहणे. त्यात सगळा डेटा वाचून चेकसम (मजकुरावरून काढलेली पडताळणी-संख्या) जुळवतात. स्क्रबमध्ये दोष आढळल्यावर येणारा ‘इनकन्सिस्टंट’ हा इशारा म्हणजे माहिती गेली असे नव्हे. प्रतींत मेळ नाही, एवढेच. आधी सदोष प्रत आणि तिची डिस्क शोधावी, मगच ‘रिपेअर’ची (दुरुस्तीची) आज्ञा द्यावी.