पिंप, पाला आणि पंचवीस वर्षं

2003च्या जूनमध्ये शाळेच्या मागच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही एक निळं पिंप आणून ठेवलं. शिपाईकाकांनी तापवलेल्या सळईने त्याला चहूबाजूंनी भोकं पाडली. तळाला विटांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, त्यावर कुंडीतली थोडी माती. सातवीच्या मुलांनी 'ओला कचरा' अशी पाटी रंगवली. मधल्या सुट्टीत डब्यात उरलेली पोळीभाजी, केळ्याची सालं आणि पोषण आहारातली उरलेली खिचडी त्यात पडू लागली. दीड-दोन महिन्यांत खत होतं, असं मी मुलांना सांगितलं होतं. मुलं दिवस मोजत होती.

जुलैत पावसाने ठाण मांडलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीने झाकण उचललं आणि किंचाळून मागे सरली. आत काळपट चिखल, डोक्यात जाणारा वास आणि वळवळणाऱ्या जाड अळ्या. दुसऱ्या दिवशी पालक आले. संध्याकाळपर्यंत पिंप रिकामं झालं, फिनेलने धुतलं गेलं आणि गच्चीवर पाणी साठवायला गेलं. त्या वर्षीच्या अहवालात मात्र 'खतप्रकल्प यशस्वीरीत्या राबवण्यात आला' असं वाक्य छापून आलं. ते वाक्य मला अजून बोचतं. कारण काय चुकलं हे मुलांना कुणीच सांगितलं नाही, आणि सांगायला मला तरी कुठे माहीत होतं?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या शाळांमधून मी पंचवीसहून अधिक वर्षं परिसर अभ्यास आणि विज्ञान शिकवलं. कचरा हा विषय या काळात शाळेत कसा आला, कुठे अडला आणि कधी रुजला, हे आता मागे वळून बघावंसं वाटतं.

कागदावर पाहिलं तर 2003 पर्यंत सगळं जुळून आलं होतं. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 सालीच सांगितलं होतं. 2003 मध्ये न्यायालयाने राज्यांना त्याची पुन्हा आठवण करून दिली. शहरांतल्या कचऱ्यावर अल्मित्रा पटेल 1996 मध्ये न्यायालयात गेल्या आणि 2000 साली घनकचऱ्याचे नियम आले. शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेना उभी राहिली. पुस्तकात ओला कचरा, सुका कचरा, विघटनशील, अविघटनशील हे शब्द आले. परीक्षेत 'वर्गीकरण करा' असा प्रश्न येऊ लागला आणि मुलं तो पैकीच्या पैकी गुण घेऊन सोडवू लागली. पुढे अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प आला. त्याच्या वह्या एका वर्षाकडून पुढच्या वर्षाकडे कशा जातात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'टाकाऊतून टिकाऊ'. कार्यानुभवाच्या तासाला, प्रदर्शनात, आंतरशालेय स्पर्धेत हा प्रकार इतका रुळला की कचरा म्हणजे हस्तकला, असं समीकरणच झालं. एका वर्षी परीक्षक म्हणून मी एका शाळेत गेले होते. पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलाने आइस्क्रीमच्या काड्यांचं सुंदर घर केलं होतं. मी विचारलं, "एवढ्या काड्या कशा जमवल्यास रे?" तो सरळपणे म्हणाला, "बाई, स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळतं." त्याचा काय दोष? आम्हीच त्याला वस्तू करायला सांगितली होती, कचरा कमी करायला नाही. काड्यांची पाकिटं, थर्माकोलचे ताव, कोरे प्लास्टिकचे पेले, चकाकता कागद असं सगळं विकत आणून 'टाकाऊ' वस्तू तयार व्हायच्या आणि प्रदर्शन संपलं की त्याच संध्याकाळी कचऱ्यात जायच्या. कचरा मुळात होऊच न देणं हा या विषयातला पहिला धडा, पण त्याला प्रदर्शनात मांडायला काही नसतं. भरून आणलेली पाण्याची बाटली, स्टीलचा डबा, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही यांना बक्षीस कोण देणार?

आमच्या आया-आज्यांकडे हे सगळं होतं. दिवाळीनंतर जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून, दाभणाने भोकं पाडून कच्ची वही शिवणं हा घराघरातला उद्योग होता. आम्ही ते मागासलेपण समजून सोडून दिलं आणि वीस वर्षांनी तेच पर्यावरण म्हणून फळ्यावर लिहिलं.

ठाण्यात या कामाची पायवाट थोडी आधी पडली होती. पर्यावरण दक्षता मंडळ 1999 मध्ये सुरू झालं. पुढे त्याचं नाव पर्यावरण दक्षता मंच झालं. त्यांच्या 'आपलं पर्यावरण' या मासिकाचे अंक आमच्या शिक्षक-खोलीत यायचे. ठाण्याचेच कौस्तुभ ताम्हनकर स्वतःच्या घरातून कचरा बाहेरच जाऊ द्यायचा नाही, असा प्रयोग करत होते आणि त्याबद्दल बोलत-लिहीत होते. त्यातून मला पहिल्यांदा उमगलं की कचरा ही वस्तू नसून सवय आहे, आणि सवय लावायची तर पस्तीस मिनिटांच्या तासात भागणार नाही.

26 जुलै 2005 च्या पुराने प्लास्टिकबद्दल बोलणं सोपं केलं. कल्याणच्या सखल भागातल्या कित्येक मुलांची दप्तरं, वह्या, गणवेश त्या पाण्यात गेले होते. शाळा पुन्हा भरली तेव्हा गटाराच्या जाळीत अडकलेल्या पिशव्या मुलांना दाखवायची गरज राहिली नव्हती. पाठोपाठ सरकारने पातळ पिशव्यांवर बंदी आणली. पण बंदी विसरायला शहराला फार दिवस लागले नाहीत.

त्यानंतरचा एक दिवस माझ्यासाठी या सगळ्या वर्षांत मोठा आहे. सहावीच्या वर्गात मी सुक्या कचऱ्याचं पोतं ओतलं आणि मुलांना वेगवेगळे ढीग करायला सांगितले. मुलांनी पुस्तकाप्रमाणे तीन ढीग केले: कागद, प्लास्टिक, धातू. मागच्या बाकावरचा एक मुलगा नुसता बघत होता. एरवी तो फारसा बोलायचाच नाही. मी त्याला पुढे बोलावलं. त्याने प्लास्टिकचा ढीग जवळ ओढला आणि भराभर हात चालवायला लागला. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पातळ रंगीत पिशव्या दुसरीकडे, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, त्यांची झाकणं वेगळी, शाम्पूच्या बाटल्या वेगळ्या. हातात घेतलेली पिशवी तो कानाशी नेऊन चुरगळायचा आणि आवाजावरून ठरवायचा. वेफर्स आणि बिस्किटांची पाकिटं मात्र त्याने सरळ बाजूला सारली. "हे कुणी घेत नाही, बाई. आतून चांदी असते ना, त्याला भाव नाही."

त्याची आई कचरा वेचायची. वर्गात हे कुणाला माहीत नव्हतं आणि ते कळू नये म्हणून तो चार वर्षं गप्प राहिला होता. त्या दिवशी वर्गाने त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दुधाच्या पिशवीला किती मिळतात? धुवून ठेवली तर जास्त मिळतात का? पुठ्ठा भिजला तर? तो उत्तरं देत होता आणि मी फळ्यावर लिहून घेत होते. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, तो पिशवीलाच लटकत ठेवायचा, कारण तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो, हेही त्यानेच सांगितलं. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कितीतरी मुलांनी घरी दुधाच्या पिशव्या धुवून खिडकीच्या गजाला वाळत घालायला सुरुवात केली.

आणि मग तो प्रश्न आला, जो या शहरांतल्या प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी ऐकला असेल. शाळेत दोन डबे होते, हिरवा आणि निळा. मुलं नेमाने वेगवेगळं टाकत होती. एका सकाळी पाचवीतली एक मुलगी धावत आली. "बाई, गाडीत दोन्ही डबे एकत्रच ओतले!" तिचे डोळे भरून आले होते. ही गाडी कुठल्या हद्दीतली होती त्याला महत्त्व नाही. त्या काळात जवळपास सगळीकडे हेच होत होतं. मी काहीतरी समजूत घातली. पण शाळेत मोठ्यांनी लावलेली शिस्त फाटकाबाहेर मोठेच मोडतात, हे तिने दहाव्या वर्षी पाहिलं. विषय शिकवण्यात आम्ही कमी पडलो असू, पण त्यापेक्षा जास्त नुकसान अशा सकाळींनी केलं.

कल्याणची मुलं कचऱ्याचा शेवटही डोळ्यांनी पाहत होती. आधारवाडीच्या कचराभूमीचा डोंगर वर्षानुवर्षं वाढत होता. उन्हाळ्यात तो पेटायचा आणि धूर वस्त्यांमध्ये, वर्गांमध्ये शिरायचा. एप्रिल 2015 मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्यांनाच स्थगिती दिली, कारण कचऱ्याची व्यवस्था नव्हती. वर्षभराने ती उठली. त्या वर्षी पहिल्यांदा घराघरांत कचऱ्यावर बोलणं झालं, कारण अनेकांचे फ्लॅट अडकले होते. मार्च 2018 मधली आग तर कितीतरी दिवस धुमसत राहिली. तोंडाला रुमाल बांधून शाळेत आलेल्या मुलांना मी त्या आठवड्यात धडा शिकवला नाही. ओल्या कचऱ्यावर हवा न लागता थर चढत गेले की मिथेन तयार होतो आणि तो पेट घेतो, एवढंच फळ्यावर काढून दाखवलं. "म्हणजे आपल्या पिंपात झालं होतं तसंच?" असं विचारायला 2003 ची मुलं तिथे नव्हती. पण मला उत्तर मिळालं होतं. आमच्या पिंपातही हवा नव्हती.

2018 च्याच जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि तिच्यात थर्माकोलही होता. प्रदर्शनातले ताजमहाल एका फटक्यात कमी झाले. डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशनने घराघरांतून स्वच्छ, कोरडं प्लास्टिक गोळा करण्याचा परिपाठ घातला होता. ठरलेल्या दिवशी पोती भरून नेली जात. मुलांना यात आवडायचं ते हे की आपण दिलेलं पुढे कुठे जातं, हे विचारता येत होतं आणि उत्तर मिळत होतं.

कल्याण-डोंबिवली महापालिकेची शून्य कचरा मोहीम मे 2020 मध्ये सुरू झाली. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी असताना ज्यांनी कचराभूमीचा कायापालट करून दाखवला, ते रामदास कोकरे तेव्हा इथे उपायुक्त होते. कचरा वेगळा करून दिला तरच उचलला जाईल, असा नियम झाला. मे 2021 मध्ये आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं. शाळेने वीस वर्षं जे सांगितलं ते शहराने ऐकलं, आणि त्याच वेळी शाळा बंद होत्या. फळा नव्हता, डबे नव्हते. होती ती मोबाइलच्या पडद्यावरची चाळीस तोंडं. मी मुलांना सांगितलं, गाडी येईल तेव्हा खिडकीतून बघा आणि काय दिसलं ते लिहून पाठवा. एका मुलाने लिहिलं होतं, 'आज काकांनी आमच्या शेजाऱ्यांचा कचरा परत दिला. शेजारी रागावले. मग वेगळा करून परत आले.' निबंध म्हणून मिळालेल्या कितीतरी पानांपेक्षा ही तीन वाक्यं मला मोलाची वाटतात.

ठाण्याचं रडगाणं अजून सरलेलं नाही. दिव्यातली कचराभूमी 2023 मध्ये बंद झाली आणि कचरा भंडार्लीकडे वळला, पण जागा बदलली म्हणून कचरा कमी होत नाही. दिव्याच्या मुलांनी नाकाला रुमाल लावून घेतलेलं शिक्षण आता दुसऱ्या गावच्या मुलांच्या वाट्याला जाऊ नये, असं मनापासून वाटतं.

शाळा पुन्हा भरल्यावर मी दुसरं पिंप मांडलं. या वेळी पावसाळ्यात नव्हे, फेब्रुवारीत. त्या दिवसांत बदाम, पिंपळ आणि पर्जन्यवृक्षाचा पाला खाली पडून नुसता जाळला जात असतो. मुलांनी तो गोण्यांत भरून जिन्याखाली रचला. ओल्यात नत्र जास्त, सुक्या पाल्यात कर्ब जास्त, आणि खत व्हायला नत्राच्या एका भागाला कर्बाचे साधारण तीस भाग लागतात. मुलांसाठी याचं सोपं माप केलं: एक वाटी ओलं, दोन वाट्या पाला. शिजवलेली खिचडी थोडीच, तीही पाल्यात कालवून. विरजण म्हणून आंबट ताक आणि जुन्या खताची मूठ. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर. चौथ्या दिवशी एका मुलाने आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला, "बाई, गरम आहे! ताप आलाय याला!" सगळ्या वर्गाने रांगेत उभं राहून पिंपाचा ताप पाहिला. जंतू काम करत असले की आत पन्नास-साठ अंशांपर्यंत तापमान जातं, हे मी पुस्तकातून कितीदा वाचून दाखवलं होतं. हाताला चटका बसल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही. मेच्या सुट्टीआधी चाळणीतून खाली पडलेली काळी, भुसभुशीत माती मुलं हुंगत होती. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास.

गेल्या जुलैत एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. 2003 मध्ये झाकण उचलून किंचाळलेली तीच. आता तिचा मुलगा चौथीत आहे आणि गॅलरीत तिने खताची बादली ठेवली आहे.

"बाई, अळ्या झाल्यात. टाकून देऊ का?"

"कशा दिसतात?"

"जाड आहेत. करड्या, चपट्या. आपल्या पिंपात होत्या ना, तशाच."

"मग घाबरू नको. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या आहेत, घरमाशीच्या नाहीत. कुजलेलं खाऊन संपवतात. बादली ओली झालीय तेवढं बघ. चार दिवस नवीन काही टाकू नको आणि भरपूर सुका पाला घाल."

"पावसात सुका पाला आणू कुठून?"

"लाकडाच्या वखारीतून भुसा आण, नाहीतर पुठ्ठा फाडून घाल. आणि फेब्रुवारीत दोन गोण्या भरून ठेव. सोसायटीच्या मागे बदाम आहे ना?"

"आहे. पण त्याचा पाला वॉचमनकाका जाळतात."

"मग मुलाला घेऊन आधी त्यांना भेट."