पाठीतले पाणी काढायला तरुण डॉक्टर आले तर?

मेंदूज्वराची शंका आली की डॉक्टर पाठीतले पाणी तपासायला सांगतात. मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सुई घालायला बऱ्याचदा तरुण निवासी डॉक्टर येतात. नातेवाइकांच्या मनात येते, ‘आमच्या पेशंटवर शिकणार की काय?’ विचारायला संकोच वाटतो, पण प्रश्न रास्त आहे.

2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमानुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात ‘स्किल्स लॅब’ असणे बंधनकारक आहे. या सरावासाठी तिथे रबरासारख्या कातडीची कृत्रिम कंबर वापरतात. कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, त्या पातळीवर दोन मणक्यांमधली फट शोधायची आणि सुई बेंबीच्या दिशेने हळूहळू न्यायची. जागा बरोबर असेल तर पाणी थेंब थेंब येते, चुकली तर सुई हाडाला लागते. मग पुन्हा पहिल्यापासून, अगदी हात धुण्यापासून!

याचा उपयोग होतो का? शिकागोच्या एका रुग्णालयात निवासी डॉक्टरांकडून मोठ्या शिरेत नळी घालण्याचा असाच सराव करून घेतला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिथल्या अतिदक्षता विभागात नळीमुळे होणारा रक्तातील जंतुसंसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे 3.2 वरून 0.5 वर आला.

तरीही पुतळा तो पुतळाच. तो कण्हत नाही, हलत नाही. शिवाय वापरून वापरून त्याच्या कातडीवर आधीची छिद्रे दिसू लागतात, मग जागा शोधावीच लागत नाही! म्हणून पुतळ्यावर हात बसलेल्या डॉक्टरांच्या शेजारीही सुरुवातीला वरिष्ठ उभे असायला हवेत.

‘पाणी काढले की पाय जातात’ ही भीती मात्र अनेकदा तपासणीच लांबवते. प्रौढांमध्ये मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते. नंतर काही दिवस डोके दुखू शकते. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग क्वचितच होतो.

संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा: सुई कोण घालणार? त्यांनी आधी किती वेळा घातली आहे? वरिष्ठ डॉक्टर जवळ असतील का? दोन-तीन प्रयत्नांत जमले नाही तर पुढे कोण करणार? आणि रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पाठीचे ऑपरेशन झाले असेल, तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधीच सांगा.