कुंपणावरच्या निवडुंगाचं पेन होत नाही

‘परदेशात निवडुंगाच्या लाकडाची पेनं कातून विकतात म्हणे. मग आपल्या बांधावरचा एवढा माल फुकट का घालवायचा?’ पेण-रोह्याकडे लेथ बाळगणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. पेणला पेन करायचं, हा विनोदही त्याला जोडूनच येतो.

पहिला घोटाळा नावाचा आहे. कुंपणातला त्रिधारी निवडुंग किंवा शेर हे कॅक्टस नव्हेत. ती युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातली झाडं. खूण सोपी आहे : खरचटलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांना फार वाईट; गरगर फिरणाऱ्या ओल्या खोडातून तो तोंडावर उडाला तर काय होईल, याचा विचार करा. आपल्याकडचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, मूळचा अमेरिका खंडातला. पण फड्याच्या पात्यात उरतं ते पातळ जाळं, त्यातून पेन निघत नाही.

मग पेनं कशाची? बहुतेक वेळा चोया नावाच्या कॅक्टसची. हा ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या वाळवंटातला. झाड मेलं की गर कुजून जातो आणि भोकाभोकांची, आतून पोकळ लाकडी नळी उरते. म्हणजे ‘निवडुंगाला लाकूडच नसतं’ हेही खरं नाही. पण ‘अख्खं पेन निवडुंगाचं’ हेही खरं नाही! ती नळी नुसती लेथवर लावली तर चुरा होईल. म्हणून भोकांत रंगीत रेझिन ओततात, बुडबुडे राहू नयेत म्हणून दाबाच्या भांड्यात ठेवतात, घट्ट झाल्यावर भोक पाडून पितळी नळी चिकटवतात आणि मग कातायला घेतात. हातात येतं त्यात लाकडाइतकंच, कधी त्याहून जास्त, रेझिन असतं. दिसतं सुंदर, पण विकणाऱ्याने हे सांगायला हवं.

‘वाळवंटातलं लाकूड आधीच वाळलेलं, त्याला काय होणार?’ हा समज कोकणात सगळ्यात महाग पडतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेत 30 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे 6 टक्के पाणी राहतं, 85 टक्के असेल तर सुमारे 18. जुलैत रोह्याला कातलेलं पेन मे महिन्यात सोलापूरला गेलं की लाकूड आकसतं. आतली पितळी नळी आकसत नाही, आणि मग लाकूड तडकतं. उपाय साधा आहे. तुकडे पाऊस सरल्यावर कातावेत, आणि त्याआधी वजन करत राहावं. वजन उतरायचं थांबलं की समजावं, लाकूड तयार आहे.

परदेशातून तुकडे मागवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं : जवळजवळ सगळं कॅक्टस कुळ वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लावणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि भारत 1976 पासून त्या करारात आहे. ‘मेलेलं लाकूडच तर आहे’ म्हणून परवाना टळत नाही.

खरं सांगायचं तर इतक्या लांब जायची गरजच नाही. अमेरिकेच्या कोरड्या मुलखातली वेडी बाभूळ 19व्या शतकात भारतात आली आणि आज घाटावरच्या माळांवर माजली आहे. तिकडचे कातारी ज्या मेस्कीट झाडाची तारीफ करतात, त्याची ही सख्खी बहीण. सागाचं लाकूड वाळताना एका दिशेने 2.6 टक्के आकसतं तर दुसऱ्या दिशेने 5.3, मेस्कीट दोन्हीकडे जवळपास सारखंच आणि थोडं आकसतं, म्हणून वाकडं होत नाही. वेडी बाभूळ तोडली तर शेतकरी आभारच मानेल. पहिलं पेन तिचंच कातून बघा. फक्त जाड हातमोजे घाला, तिचा काटा लागला की बोट सुजतं.